मधली बँक

माझा धाकटा भाऊ परदेशात वारला आणि त्याला घरी आणायचं काम माझ्याकडे आलं. यात नवीन काही नव्हतं. लहानपणी त्याला शाळेतून घरी आणायचं कामही माझ्याकडेच असायचं, आणि तेव्हाही तो कधी वेळेवर आला नाही. या वेळच्या उशिराचा दोष मात्र त्याला देता येत नाही.

मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. दुकानदारांचे काटे, पेट्रोलपंपांची मापं, दूधवाल्यांची लिटरं तपासण्यात माझा जन्म गेला. आजही घरात साखर आली की मी ती आधी काट्यावर ठेवतो. "अहो, लोक साखर खातात, तुम्ही तिची उलटतपासणी घेता," असं आमची ही म्हणते. म्हणू दे. मापात पाप कुठे लपलेलं असतं ते आपल्याला बरोबर कळतं, असा माझा समज होता. त्या समजापायी जे झालं तेच सांगायला बसलो आहे.

धाकटा तिकडे एका कंत्राटदाराकडे इमारतींमध्ये लिफ्ट बसवायचं काम करायचा. लग्न केलेलं नव्हतं. एका संध्याकाळी कामावरून खोलीवर आला, बूट काढायला वाकला आणि तसाच कलंडला. कंत्राटदार त्याच्याही आधी गेला होता, म्हणजे दिवाळं काढून पळाला होता. त्यामुळे तिकडे खर्च उचलणारं कोणी नव्हतं. ही बातमी कळवली त्याच्या खोलीत राहणाऱ्या एका वेल्डरने. आपल्याच भाषेतला मुलगा, आवाजावरून तिशीचा असावा, आणि फोनवर माझ्याआधी तोच रडला.

सावरल्यावर तो म्हणाला, "दादा, इथे अंत्यविधीची कंपनी असते. तिच्या शीतगृहात ठेवलंय त्यांना. कंपनीचं बिल भरलं की पेटी विमानात चढते. तुम्ही काळजी करू नका, आम्ही साइटवरची पोरं वर्गणी काढतोय. चार दिवसांत होऊन जाईल."

वर्गणी हा शब्द मला झोंबला. आमच्या घरात कोणी लॉटरीचं तिकीट काढलं नाही, उसनी वाटीभर साखर आणली नाही, आणि आता भावाच्या मढ्यावर वर्गणी. मी म्हणालो, "वर्गणी कशाला? त्याच्यामागे घर आहे, भाऊ आहे, भावाला पेन्शन आहे. तुम्ही फक्त बिल पाठवा. मी बँकेतून रीतसर भरतो."

"पण दादा, पोरं मनापासून देतायत."

"त्यांना सांगा, आभारी आहे. पण रीतसर."

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. तिने ना हंबरडा फोडला, ना कोणाला दोष दिला. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, "मला एकदा त्याचं तोंड बघू दे. बाकी मी काही मागत नाही."

बिल आलं. रक्कम मोठी होती, पण एक ठेव मोडून भागण्यासारखी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय मृतदेह सोडला जाणार नाही, आणि शीतगृहाचं भाडं रोजच्या रोज चढत राहील. ते वाचून मला उलट बरं वाटलं. पूर्ण रक्कम, म्हणजे पूर्ण माप. चोख माणसं दिसतात, असं मी हिला बोलूनही दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती आत निघून गेली.

इमारतीत बातमी पसरल्यावर सगळ्यांत आधी आले ते तळमजल्यावरचे फॉरेनकाका. हे पूर्वी एकदा मुलीकडे तीन आठवडे परदेशात राहून आले. त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण बोलण्यावरून ते अजून परत आलेत असं वाटत नाही. आईसमोर हात जोडून ते थोडा वेळ गप्प बसले, ही त्यांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट, आणि मग मला गॅलरीत घेऊन गेले.

"बँकेच्या भानगडीत पडू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या माहितीत एक माणूस आहे. इकडे त्याच्या हातात पैसे ठेवायचे, तिकडे त्याचा माणूस कंपनीच्या दारात नेऊन देतो. तासाभराचं काम."

"पावती?"

"पावती नसते. विश्वासावर चालतं."

"काका, विश्वासावर चालणारे काटे जप्त करण्यात माझी नोकरी गेली."

"मग बसा जप्त करत," असं म्हणून ते चहा पिऊन गेले. जाताना दारातून सांगून गेले की तिकडे सगळं सिस्टिमवर चालतं.

आमच्या शाखेत परकीय चलनाची खिडकी जिन्याखाली आहे, त्यामुळे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाची मान नम्रपणे वाकलेली असते. खिडकीमागे चष्म्याला साखळी लावलेल्या एक बाई बसतात. त्यांनी फॉर्म दिला. पैसे देशाबाहेर कशासाठी चालले आहेत ते छापील यादीतून निवडून सांगायचं होतं. यादी लांबलचक होती. पर्यटन होतं, शिक्षण होतं, औषधोपचार होते, जहाजदुरुस्ती होती, नाटकमंडळींचे दौरेसुद्धा होते. मरण कुठेच नव्हतं. ज्याने यादी केली त्याला बहुधा वाटलं असावं की माणसं जिथल्या तिथे मरतात.

"'नातेवाइकांचा निर्वाह' लिहा काका," बाई म्हणाल्या. "सगळे तेच लिहितात."

"बाई, त्याचा निर्वाह संपला. म्हणून तर पाठवतोय."

"हो, पण त्याला कोड आहे ना. लवकर जातं."

"म्हणजे खोटं लिहू?"

"खोटं नाही हो. सोयीचं."

सोयीचं. हाच शब्द मला एका भुसार दुकानदाराने ऐकवला होता, त्याच्या किलोच्या वजनाला खालून पाडलेलं भोक मी दाखवलं तेव्हा. मी 'अन्य' या चौकटीत खूण केली आणि पुढच्या रेघेवर सुवाच्य अक्षरात इंग्रजीत लिहिलं, मानवी अवशेष मायदेशी आणण्याचा खर्च. बाईंनी वाचून चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे असंच जाऊ द्यायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, जसं आहे तसं. खाली आणखी एक प्रश्न होता, वाटेतला आकार कोणी सोसायचा, पाठवणाऱ्याने, घेणाऱ्याने की दोघांनी वाटून? वाटून घेणं मला न्यायाचं वाटलं. तिथेही खूण केली आणि मान वाकवून बाहेर आलो.

त्यानंतर काहीच झालं नाही. वेल्डर रोज फोन करायचा, पैसे आले नाहीत म्हणायचा. मी बँकेत जायचो, पैसे गेले म्हणून ऐकून यायचो. इकडून गेलेले आणि तिकडे न पोचलेले पैसे मधे कुठे असतात, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला. शेवटी बाईंनी मला आत बोलावून स्टुलावर बसवलं.

"काका, पैसे थेट जात नाहीत. आपली बँक त्यांच्या बँकेला ओळखत नाही. तिसऱ्याच एका देशात एक मोठी बँक असते, ती दोघांना ओळखते. पैसे तिच्या हातून जातात."

"म्हणजे दलाल."

"म्हणजे मधली बँक. तिने तुमचे पैसे अडवलेत. तुम्ही ते मानवी अवशेष लिहिलंत ना, ते तिच्या संगणकाला खटकलं. त्याला वाटतंय की तुम्ही माणसांच्या अवयवांचा व्यापार करता."

मी स्टुलावरून उठलो आणि परत बसलो. ज्या माणसाने ओळखीच्या वाण्याकडूनही कधी खडीसाखरेचा खडा घेतला नाही, त्याच्याविषयी एका परक्या देशातल्या यंत्राने हे मत बनवावं. बाईंनी पाणी दिलं. मग एक कागद दिला. तो मधल्या बँकेचा खुलासा मागणारा होता.

प्रश्न असे होते. माल नवीन आहे की वापरलेला? मालाचं वजन किती? मालाशी पाठवणाऱ्याचा संबंध काय? मालाचा अंतिम वापर काय आणि तो कोण करणार? 

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर उत्तरं लिहायला बसलो. पहिल्याला 'वापरलेला' असं लिहिलं. खोटं नव्हतं ते, धाकट्याने देह भरपूर वापरला होता. वजनापाशी मात्र माझं पेन थांबलं. हजारो लोकांची वजनं तपासलेला मी, सख्ख्या भावाचं वजन मला ठाऊक नव्हतं. हिला विचारलं, ती म्हणाली मागच्या खेपेला वाळला होता. आईला विचारलं.

"जन्मला तेव्हा अडीच किलोसुद्धा भरला नव्हता," आई म्हणाली. "पुढचं मला कोणी सांगितलं नाही."

वजनाची जागा मी कोरी सोडली. अंतिम वापर या प्रश्नापुढे लिहिलं, 'आईला तोंड दाखवणे.' वापर करणाऱ्याच्या जागी आईचं पूर्ण नाव आणि वय लिहिलं. बाईंनी तो कागद खिडकीत उभ्याउभ्या वाचला आणि मागे दोघंजण रांगेत असताना खिडकी बंद करून आधी माझं पाठवायला गेल्या. मला त्यांचं फार बरं वाटलं.

इकडे घरात वेगळीच पंचाईत झाली होती. मेलेल्या माणसाच्या घरी लोक एकदा येतात, दोन शब्द बोलतात, जातात. पण आमच्याकडे माणूस मेला होता आणि आलाही नव्हता, त्यामुळे आलेल्यांना आपलं भेटायला येणं पुरं झालं असं वाटेना. ते पुन्हा यायचे. पहिल्यांदा गंभीर चेहऱ्याने, दुसऱ्यांदा चौकशीच्या सुरात, तिसऱ्यांदा जिन्यातूनच, "अजून नाही आला?" समोरच्या वहिनी पहिल्या आठवड्यात रोज दोन्ही वेळचा डबा द्यायच्या. मग एक वेळचा झाला. मग त्यांनी रिकामे डबे परत मागितले, आणि त्यांचंही बरोबरच होतं. माझा एक मेहुणा म्हणाला, सामानाचा असतो तसा ट्रॅकिंग नंबर मागून घ्या. उगाच त्याला राग यायला नको म्हणून मी त्याला पैशाचा नंबर दिला. तो रोज सकाळी फोन करून सांगायचा, "अजून तिथेच दाखवतोय."

आई कोणाशी बोलत नव्हती. मी बाहेरून आलो की खुर्चीतून विचारायची, "निघाला का?" मी म्हणायचो, निघतोय.

मधल्या बँकेचं एकदाचं समाधान झालं. काय वाचून झालं ते तिलाच माहीत. वेल्डरचा फोन आला, मी उभा राहिलो, हीसुद्धा हात पुसत बाहेर आली.

"दादा, पैसे आले," तो म्हणाला. "पण कमी आले."

"कमी कसे येतील? मी मोजून पाठवलेत."

"थोडेच कमी आहेत. इथे दोन वेळचं साधं जेवण होतं ना, तेवढे. शिवाय मधल्या दिवसांचं भाडं. कंपनीच्या बाई चांगल्या आहेत हो, पण म्हणतात पूर्ण भरल्याशिवाय त्यांच्या संगणकातून सुटकेचा कागदच निघत नाही. दादा, मी भरतो ना. एवढ्यासाठी कशाला?"

मी जे उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "प्रश्न किती कमी आहेत याचा नाही. प्रश्न कमी का आहेत याचा आहे."

तोच प्रश्न घेऊन मी थेट मॅनेजरकडे गेलो. मॅनेजर तरुण होता, टाय लावलेला, सारखा मान हलवून सहानुभूती दाखवत होता. त्याने पडद्यावर बघून सांगितलं की मधल्या बँकेने पैसे पुढे सरकवण्याचा आपला आकार कापून घेतला आहे.

"आणि इतके दिवस अडवून ठेवले, त्याचं काय?"

"त्याचाही कापलाय. चौकशी आकार म्हणून."

पारड्यावर अंगठा दाबून माल देणारे दुकानदार मी शेकड्यांनी पकडले. पण अंगठ्याचं वेगळं बिल लावणारा त्यांत एकही नव्हता. "साहेब," मी म्हणालो, "आकार दोघांनी वाटून घ्यायचा असं मी लिहून दिलं होतं. हा तिसरा त्यात आला कुठून?"

"तिसऱ्याचा फॉर्ममध्ये उल्लेख नसतो," मॅनेजर शांतपणे म्हणाला, "पण तो असतो." पुढच्या वेळी सगळा आकार आपल्याकडे घ्या, म्हणजे रक्कम पूर्ण पोचेल, असा सल्लाही त्याने दिला. पुढच्या वेळी म्हणजे कोण मेल्यावर, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो मान हलवत होता, म्हणून गप्प राहिलो.

मी कमी पडलेले पैसे पाठवले. सगळा आकार स्वतःकडे घेतला. तो आकार पाठवायच्या रकमेपेक्षा जास्त झाला, तरी भरला, कारण तत्त्वाची गोष्ट होती. या वेळी कारणाच्या रेघेवर बाईंनी मला न विचारता काहीतरी लिहिलं आणि मी चष्मा विसरल्याचं नाटक केलं. पैसे पूर्ण पोचले. फक्त ते पोचेपर्यंत शनिवार-रविवार आणि तिसऱ्या देशातली एक सुट्टी मधे आली, तेवढ्यात शीतगृहाचं भाडं वाढलं, आणि रक्कम पुन्हा तसूभर कमी पडली.

फॉरेनकाकांनी हे ऐकून जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाले. ज्यांचं आपण आधी ऐकलं नाही त्यांची सहानुभूती सोसायला फार बळ लागतं. ते त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं, म्हणून घरी येऊन मी एक निर्णय घेतला. आयुष्यभर ज्याचा तिटकारा केला ते करायचं ठरवलं, म्हणजे मापापेक्षा जास्त द्यायचं. भाडं किती चढायचं ते चढू दे, त्यावर आणखी ओतायचं. मी भरघोस रक्कम पाठवली आणि बऱ्याच दिवसांनी नीट झोपलो.

बिलापेक्षा जास्त पैसे घ्यायला त्या कंपनीला मनाई होती. तिच्या संगणकाने ती रक्कम कोणाची आहे ते ओळखलंच नाही, काही दिवस बाजूला ठेवली आणि सगळीच्या सगळी परत पाठवून दिली. परतीच्या वाटेवर मधल्या बँकेने पुन्हा आपला आकार घेतला. जाताना घेतला होता, येतानाही घेतला. धाकटा होता तिथेच होता.

हे मी घरी सांगितलं तेव्हा ही कणीक मळत होती. तिने हात धुतले, शांतपणे पुसले, आणि माझ्यासमोर बसली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ती माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती.

"त्या वेल्डरला भरू द्या."

"प्रश्न पैशाचा नाही."

"मला ठाऊक आहे, पैशाचा नाही. तुमच्या मानाचा आहे. अहो, तिकडे भावजी थंडीत पडलेत आणि तुम्ही इथे काटा धरून बसलात. त्या पोराने पहिल्या दिवशीच देऊ केले होते. त्याने भरले असते तर कोणाचं काय गेलं असतं? सांगा ना, काय गेलं असतं?"

तिने माझा फोन उचलला आणि वेल्डरला लावला. "भाऊ, मी त्यांची वहिनी बोलतेय," ती म्हणाली. "तुमच्या दादांच्या वतीने मी मागते, तेवढे भरा." तिकडून तो "हो वहिनी, हो वहिनी" म्हणत राहिलेला मलाही ऐकू येत होता.

वेल्डर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गेला, खिशातून पैसे काढून काउंटरवर ठेवले आणि सुटकेचा कागद घेऊन सुट्टी संपायच्या आत कामावर परत आला. मी फोनवर त्याचे आभार मानले. पण त्याने फोन ठेवला नाही.

"दादा, एक सांगायचं होतं. कंपनीच्या बाई म्हणाल्या, सुरुवातीलाच पाठवलं असतं त्यांना, तर तोंड दाखवता आलं असतं. शीतगृहाचं मशीनही मधे एकदा बंद पडलं होतं म्हणे. आता पेटी आतून पत्र्याने सील केलीय. घरी गेल्यावरही उघडू नका म्हणाल्या. तसा कागदच चिकटवलाय वर."

"तू बघितलंस?"

"मला नाही बघू दिलं, दादा."

मी हे कोणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही. कसं सांगणार होतो?

विमानतळावर मालाच्या गोदामात पेटी मिळते. एका बाजूला टीव्हीचे खोके होते, दुसरीकडे फुलझाडांची रोपं, मधे धाकटा. गोदामाच्या कारकुनाने माझ्यापुढे पावती सरकवली. तिच्यावर वजन छापलेलं होतं, पेटीसकट. खाली लिहिलं होतं, माल चांगल्या स्थितीत मिळाला. कारकून म्हणाला, इथे सही. मी पेटीकडे बघितलं, सही केली, तारीख घातली. एरवी कुठलंही सील तपासल्याशिवाय मी सही करत नाही.

इमारतीपाशी आल्यावर पेटी लिफ्टमध्ये बसेना. आडवी बसेना, उभी करायला कोणी धजेना. शेवटी खालीच, गाड्या लावतात तिथे, दोन बाकांवर ठेवली, आणि आईला खुर्चीसकट खाली आणलं. सगळे शेजारी जमले होते. समोरच्या वहिनी रडत होत्या. फॉरेनकाका डोक्यावरची टोपी काढून कोपऱ्यात उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

आईने पेटीवर हात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"उघड."

"उघडता येत नाही, आई. सील आहे. तसा नियम आहे."

"मग मी तोंड कसं बघू?"

ही माझ्याकडे बघत होती, सगळे माझ्याकडे बघत होते. मी आईजवळ खाली बसलो आणि म्हणालो, "मी बघितलं, आई. विमानतळावर. सील करायच्या आधी मला दाखवलं त्यांनी."

"तू बघितलंस?"

"हो."

"कसा होता?"

"झोपल्यासारखा."

"दाढी केलेली होती?"

"केलेली होती. केसही नीट विंचरलेले होते."

आईने हात पेटीवरून फिरवला, डोकं कुठल्या बाजूला असेल त्याचा अंदाज घेतल्यासारखा. मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "डाव्या भुवईवर ती खोक होती का? झोक्यावरून पडला होता ती?"

तेव्हा मला कळलं की ती इतका वेळ काय विचारत होती. परक्या देशातून, इतक्या हातांमधून, इतक्या दिवसांनी एक बंद पेटी आली होती, आणि तिच्यात तिचाच मुलगा आहे हे तिला या घरातल्या कोणाकडून तरी ऐकायचं होतं.

"होती," मी म्हणालो. "डाव्या भुवईवर. स्पष्ट दिसत होती."

"मग आपलाच आहे," आई म्हणाली, आणि तिने पेटीवरचा हात काढून घेतला. "न्या त्याला. फार दिवस ताटकळला."

त्या दिवशी सगळं उरकून आल्यावर ती पहिल्यांदा पोटभर जेवली. हिने विचारलं, "खरंच झोपल्यासारखे दिसत होते का हो भावजी?" मी मान हलवून हो म्हटलं.

आता भेटायला कोणी आलं की आई त्यांना सांगते, "थोरल्याने बघितलं ना, विचारा त्याला." मग ते माझ्याकडे वळतात आणि मी सांगतो. झोपल्यासारखा होता, दाढी केलेली होती, भुवईवरची खोक दिसत होती. ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. आई तर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकते. मलाही त्याचं तोंड एकदा बघायचं होतं.